बाकांची खरेदी : निविदेआधीच्या नोंदी

१८ जून २०२५, बुधवार

शाळा सोमवारी उघडल्या आणि आज फाईल टेबलावर आली. विषय : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना बाके पुरविणे. आत तीनच कागद. गेल्या वेळच्या मागणीचा गोषवारा, लाखांतली एक अंदाजित रक्कम आणि एका पुरवठादाराचं रंगीत माहितीपत्रक. इतके नग का, हे सांगणारा एकही कागद नाही. आकडे पडताळले तर गणित कसं केलंय ते लगेच कळतं. मिळू शकेल त्या रकमेला माहितीपत्रकातल्या किमतीने भागलं आणि जो आकडा आला तीच जिल्ह्याची गरज म्हणून लिहिली.

मी शिक्षणाधिकारी साहेबांना भेटले. म्हटलं, ही खरेदी यंदा न करता २०२६-२७ च्या जिल्हा वार्षिक योजनेच्या आराखड्यात धरू या. आराखडा हिवाळ्यात जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. तोवर गरज, विनिर्देश (वस्तू नेमकी कशी हवी त्याचं वर्णन) आणि किंमत ही तिन्ही नीट बसवता येतील. साहेब म्हणाले, “चालेल, पण दर महिन्याला फाईलीत काहीतरी नवीन दिसलं पाहिजे.” म्हणून या नोंदी.

२४ जून, मंगळवार

यू-डायसवरची, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीवरची, माहिती काढली. पट मिळतो, खोल्या मिळतात, फर्निचर आहे की नाही तेही मिळतं. आहे ते वापरण्याजोगं आहे का, कोणत्या उंचीचं आहे, कुठल्या खोलीत पडून आहे, यातलं काही मिळत नाही. केंद्रप्रमुखांसाठी एका पानाचं प्रपत्र केलं. इयत्तावार पट, चालू बाके, दुरुस्त होतील अशी बाके, निर्लेखित करायची (मोडीत काढून नोंदीतून कमी करायची) बाके. शेवटी एक रकाना जास्तीचा : शाळेच्या दारापर्यंत टेम्पो जातो का? नसेल तर शेवटचा किती रस्ता पायी?

कोकणात हा रकाना लागतोच. वाडीवरच्या शाळेला पाखाडी (दगडी पायवाट) असते, गाडीरस्ता नसतो. मागच्या पुरवठ्यात बाके पंचायत समितीच्या आवारात उतरली आणि तिथून पुढचं भाडं ग्रामस्थांनी वर्गणी काढून भरलं. करारात ‘पोच’ म्हणजे कुठपर्यंत हे लिहिलं नव्हतं, त्यामुळे पुरवठादाराला बोल लावता येत नव्हता.

३ जुलै, गुरुवार

आज एका द्विशिक्षकी शाळेत गेले. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी ते पाचवी दुसऱ्या. सोबत शिवणकामाची टेप आणि वही.

तिथल्या बाकाची बसायची उंची मोजली तर ४५ सेंटिमीटर भरली. आपण कार्यालयात बसतो त्या खुर्चीएवढी. मग तिसरीच्या मुलांना भिंतीशी बसवून टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतचं माप घेतलं. बहुतेकांचं ३१ ते ३४ च्या दरम्यान आलं. याचा अर्थ या बाकावर बसलेल्या मुलाचे पाय जमिनीपासून अकरा ते चौदा सेंटिमीटर वर राहतात. मांडीच्या खालच्या बाजूला फळीची कड रुतते, पाचेक मिनिटांत मूल पुढे सरकतं, मग एक पाय दुमडून वर घेतं, मग उभं राहून लिहायला लागतं. बाई म्हणाल्या, “मॅडम, तपासणीला येणारे सगळे लिहून जातात की मुलं स्थिर बसत नाहीत. बसणार कशी?”

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. पहिली-दुसरीच्या खोलीत बाके नव्हती आणि बाईंना ती नकोच होती. मुलं गोलात बसतात, कार्डं जमिनीवर मांडतात, लोळून चित्रं काढतात. बाके आली तर ही सगळी जागा जाते. त्यांना हवी जाड सतरंजी आणि मांडी घालून बसल्यावर पुढे ओढता येईल असं ठेंगणं मेज. मागच्या मागणीत मात्र दर दोन मुलांमागे एक बाक असा सरसकट हिशोब धरला होता, पहिलीपासून. हाच हिशोब जिल्हाभर धरला तर जिथे बाक नको आहे तिथे ते जाणार, आणि जिथे मुलं पत्र्याखालच्या ओल्या फरशीवर बसतात तिथे कमी पडणार.

११ जुलै, शुक्रवार

माहितीपत्रकवाले गृहस्थ आज कार्यालयात आले. वागायला अदबशीर. पेनड्राइव्हमध्ये विनिर्देशांचा तयार मसुदा आणला होता. “मॅडम, तुमचं काम वाचवलंय. फक्त लेटरहेडवर घ्या.” वाचून पाहिला. पाइपचा आकार, फळीची लांबी, बोल्टची जागा, सगळं मिलिमीटरपर्यंत, कमी-जास्त चालेल अशी मोकळीक कुठेच नाही. त्यांच्याच माहितीपत्रकाच्या चौथ्या पानाशी तंतोतंत जुळणारं. वर अट अशी की पुरवठादाराची वार्षिक उलाढाल अंदाजित रकमेच्या अनेक पट हवी. आमच्या जिल्ह्यातला एकही फॅब्रिकेटर त्यात बसणार नाही.

अशा मसुद्यावर निविदा काढली तर कागदोपत्री सगळं नियमात दिसतं. जाहिरात निघते, तीन लिफाफे येतात, तुलनात्मक तक्ता होतो, सर्वांत कमी दर मंजूर होतो. निकाल मात्र मसुदा टाइप झाला त्याच दिवशी लागलेला असतो. म्हणून खरेदीतल्या गैरप्रकाराबद्दल बोलताना लोक लिफाफे उघडण्याच्या दिवसाकडे बोट दाखवतात तेव्हा मला ते अपुरं वाटतं. कोण जिंकणार हे त्याच्या कितीतरी आधी ठरवता येतं, आणि तेही कुणाचा हात ओला न करता, कार्यालयाला विनिर्देश लिहायचा कंटाळा आहे एवढ्याच भांडवलावर.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १४४ मध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. वस्तूचं वर्णन वस्तुनिष्ठ, काम सांगणारं आणि मोजता येईल असं हवं, विशिष्ट ब्रँडकडे बोट दाखवणारं नको, मूळ गरज भागेल तेवढंच हवं आणि गरजेपेक्षा जास्त नग घेऊ नयेत. आपल्या राज्याची खरेदी नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आली, तिचा रोखही हाच आहे. गृहस्थांना चहा दिला आणि सांगितलं की मसुदा आम्ही लिहू, लिहून झाला की सगळ्यांना एकाच वेळी दाखवू, तुमची सूचना तेव्हा लेखी द्या. भेटीची नोंद करून फाईलीला लावली. यापुढे जो पुरवठादार भेटेल त्याची नोंद याच पद्धतीने होईल.

१५ जुलै

प्रपत्रं येऊ लागली. टेम्पोचा रकाना सगळ्यांनी भरलाय, निर्लेखनाचा निम्म्यांनी कोरा ठेवलाय. डेडस्टॉक रजिस्टरवरचा (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतला) नग कमी दाखवला तर वसुली लागेल या भीतीने मुख्याध्यापक मोडकं बाकही ‘चालू’ लिहितात. मोडकं दाखवल्याबद्दल कुणाला जाब विचारला जाणार नाही, असं पत्र साहेबांच्या सहीने काढायचं ठरलं.

२२ जुलै, मंगळवार

तालुक्याच्या ठिकाणच्या वेल्डिंगवाल्या काकांकडे तीन मोडकी बाके घेऊन गेले. मला ती मोडतात कुठे ते पाहायचं होतं. काकांनी न बघताच सांगितलं, “मॅडम, बाक वरसून मोडना नाय, खालसून गंजता.”

तसंच निघालं. तिन्ही बाकांच्या पायांना जमिनीलगत एक आडवा पाइप होता, पूर्ण लांबीभर फरशीला टेकणारा. रोज फरशी पुसली की पाणी त्याच्याखाली साचतं, पावसाळ्यात तर वाळतच नाही. टोकाची प्लास्टिकची टोपी पहिल्याच वर्षी निघते आणि पाणी आत शिरतं. बाहेरून रंग शाबूत, आतून पाइप खाल्लेला. काकांनी हातोडीचा हलका ठोका मारला तर पापुद्रा सुटावा तसा तुकडा पडला. मग वरचा, न गंजलेला भाग कापून मायक्रोमीटरने जाडी घेतली. ०.९ मिलिमीटर. तेव्हाच्या पुरवठा आदेशात १८ गेज लिहिलेलं आहे, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर हवी होती. माल ताब्यात घेताना जाडी मोजण्याची तरतूद आदेशात नव्हती, त्यामुळे कुणी मोजली नाही.

लिहायच्या फळीचीही तीच कथा. पार्टिकल बोर्ड, वर लॅमिनेट, कडेला पट्टी. पट्टी सुटली की कडेतून ओल शिरते आणि बोर्ड फुगतो. मराठवाड्यात असं बाक कदाचित दहा वर्षं जाईल, इथे नाही.

काकांशी बोलून ठरलेल्या गोष्टी : आडवा पाइप जमिनीपासून वर, फरशीला फक्त चार पाय टेकतील. पायाच्या टोकाला आतून ठोकून बसवलेला नायलॉनचा जाड बूट. पाइप फर्निचरसाठीच्या आयएस ७१३८ या भारतीय मानकाचा, जाडी १.२ पेक्षा कमी नाही, आणि ती मोजायची पद्धत विनिर्देशातच लिहायची. फळीसाठी आयएस ७१० चं मरीन प्लायवूड. आयएस ३०३ चा पाणीरोधक दर्जा स्वस्त पडतो, पण ज्या शाळांची कौलं गळतात तिथे मला तो धोका घ्यायचा नाही.

काकांनी एक हिशोबही करून दिला. एका बाकाला किती फूट पाइप, त्याचं वजन, फळीचे चौरस फूट, वेल्डिंगची मजुरी, पावडर कोटिंग, वाहतूक, वर १८ टक्के जीएसटी. माहितीपत्रकातल्या किमतीला पर्याय म्हणून आपल्या हाताशी आता पहिला आकडा आहे.

२९ जुलै

दुरुस्तीच्या रकान्यात आलेल्या बाकांपैकी बरीच फक्त बूट आणि एक जोड मागतात. यांचा वेगळा प्रस्ताव करते आहे, तालुकावार वेल्डिंगच्या दरकरारासह. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, छोट्या शाळेच्या वाट्याला येणाऱ्या रकमेत खडू, झाडू, वीजबिल भागलं तरी खूप झालं. त्यातून बाके दुरुस्त करा असं सांगणं योग्य नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

उंचीचा निर्णय. पाच शाळांत घेतलेली मापं एकत्र केली आणि युरोपातल्या ईएन १७२९ या शालेय फर्निचरच्या मानकाशेजारी ठेवली. त्यात मुलाच्या उंचीनुसार आकार पाडलेत. ११९ ते १४२ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला बसायची उंची ३५, १३३ ते १५९ च्या मुलाला ३८, आणि ४३ सेंटिमीटरचं आसन थेट १४६ च्या पुढच्या मुलांसाठी. आपलं ४५ चं बाक या हिशोबाने सातवीतल्या बहुतेकांनाही उंच पडतं. आपली मुलं वर्गात अनवाणी बसतात, चपला दाराबाहेर असतात, म्हणून बुटाच्या तळव्याची जाडी आम्ही धरली नाही.

दोनच आकार घेऊ : तिसरी ते पाचवीला बसायची उंची ३२ आणि लिहायची फळी ५४, सहावी ते आठवीला ३८ आणि ६४. तीन आकार जास्त नेमके बसले असते, पण एकाच खोलीत तीन इयत्ता असलेल्या शाळेत गुरुजींनी बाके बदलत बसायचं का, हाही प्रश्न आहे. ओळखू यावं म्हणून दोन आकारांना दोन रंग.

जोडबाक (बसायची आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यावर) की सुटं मेज-बाक यावर केंद्रप्रमुखांच्या बैठकीत तासभर वाद झाला. गटकामाला सुटं बरं, हे मला पटतं. पण एका गुरुजींनी सांगितलं की सुटी बाके ग्रामसभेला आणि लग्नाला जातात, परत येतात ती पाय वाकून. शिवाय सुटी झाली की बाक आणि मेज यांतलं अंतर मुलं आपापलं ठरवतात आणि ओणवी होऊन लिहितात. जोडबाकच ठेवलं, मात्र दोन मुलांना उचलून फिरवता येईल असं वजन विनिर्देशात कमाल मर्यादा म्हणून टाकलं. जाडीची किमान आणि वजनाची कमाल, दोन्ही मर्यादा एकत्र बसतात का ते काकांनी एक नमुना बनवून दाखवायचं आहे. चार बोल्टवर खोलता येणारं हवं, म्हणजे पाखाडीवरून डोक्यावर नेता येईल.

१३ ऑगस्ट

नमुना आला. बसला. तिसरीतल्या एका मुलीने बसून दोन्ही पाय फरशीवर आपटून पाहिले आणि बराच वेळ आपटत राहिली. वजनाची मर्यादा थोडी सैल करावी लागली.

२० ऑगस्ट, बुधवार

गणपतीच्या सुट्टीआधी पद्धत ठरवायची होती. खरेदी शाखेतून एक तोंडी सूचना आली : प्रत्येक पंचायत समितीने आपापली मागणी अशी बसवावी की रक्कम ई-निविदेच्या मर्यादेखाली राहील, मग दरपत्रकांवर काम होईल आणि वेळ वाचेल. लेखी उत्तर दिलं. एकूण मागणी जिल्ह्याची आहे, तिचे तुकडे पाडून मोठ्या मंजुरीतून किंवा स्पर्धेतून सुटका करून घेता येत नाही. केंद्राच्या नियमांतला १५७ वा नियम हेच सांगतो आणि राज्याच्या नियमपुस्तिकेनेही तुकडे पाडायला मनाई केली आहे. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप याच गोष्टीवर येतो, आणि तो यायलाच हवा.

यातली खरी अडचण मात्र मला मान्य आहे. सगळ्या जिल्ह्याची एकच मोठी निविदा काढली तर जिल्ह्यातले छोटे कारखानदार बाहेर पडतात. त्यासाठी मार्ग वेगळा : निविदा एकच, उघड, पण तालुकानिहाय गट पाडलेले. ज्याची जेवढी ताकद तेवढ्या गटांना त्याने दर भरावा. उलाढालीची अट गटाच्या किमतीच्या प्रमाणात. पाच गट जिंकणाऱ्याने पाच गटांएवढी क्षमता दाखवावी, एक जिंकणाऱ्याने एकाएवढी. दुरुस्तीला जवळचा माणूस मिळतो, हा फायदा वेगळाच.

जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर) जोडबाके आहेत, पण तयार वर्गवारीतल्या पर्यायांत आपली ३२ ची उंची आणि जमिनीपासून वर घेतलेला पाइप बसवता येतो का ते आधी पाहायचं. नाही बसला तर कस्टम बिडचा, म्हणजे आपले विनिर्देश देऊन दर मागवण्याचा रस्ता. येरवडा आणि नाशिकरोड कारागृहांच्या उद्योगांतही फर्निचर बनतं, त्यांनाही चौकशीचं पत्र धाडलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

विनिर्देशांचा मसुदा जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर टाकला आणि खुली बैठक घेतली. माहितीपत्रकवाले गृहस्थ होते, काका होते, शेजारच्या जिल्ह्यातले दोघे कारखानदार होते. सगळ्यांसमोर सगळं वाचलं. कामाच्या दोन सूचना आल्या. एक : पावडर कोटिंगआधी फॉस्फेटिंगची (रंग धरावा म्हणून पाइपावर करायच्या रासायनिक प्रक्रियेची) अट टाका, नाहीतर रंग पोपडे धरतो. दुसरी त्याच गृहस्थांची : बोल्टच्या डोक्यावर टोपी हवी, मुलांच्या चड्ड्या फाटतात. दोन्ही घेतल्या. उलाढालीवर त्यांनी पुन्हा मुद्दा काढला, कारणासह नाकारला आणि इतिवृत्तात कारण लिहिलं.

किमतीसाठी आता चार आधार आहेत : काकांचा घटकवार हिशोब, जेमवरचे दर, महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर) इतर जिल्ह्यांनी दिलेल्या आदेशांचे दर आणि शेजारच्या कारखानदारांची अंदाजपत्रकं. चारही जुळत नाहीत. महाटेंडर्सवरचे दर सर्वांत कमी आहेत, पण तिथला विनिर्देश पार्टिकल बोर्डाचा आहे. त्या दराने मरीन प्लाय मागितलं तर कागदावर प्लाय येईल आणि शाळेत बोर्ड. अंदाजित दर काकांच्या हिशोबाजवळ ठेवला आणि फरक कशामुळे हे टिपणीत मांडलं, कारण कॅफो (मुख्य लेखा व वित्त अधिकारी) मॅडम पहिला प्रश्न हाच विचारतील.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गरजेचा अंतिम तक्ता झाला. पहिली-दुसरी वगळली, त्यांची सतरंज्या आणि ठेंगण्या मेजांची स्वतंत्र ओळ. दुरुस्तीची बाके वजा. पट घटलेल्या शाळांत पडून असलेली, योग्य उंचीची बाके शेजारच्या शाळेला हस्तांतरित करायची, तीही वजा. जूनमधल्या फाईलीतल्या नगांपेक्षा नव्या बाकांची संख्या कमी आली आहे. एका नगाची किंमत मात्र वाढली. एकूण रक्कम जवळपास तिथेच. रक्कम तीच राहणार असेल तर एवढा खटाटोप कशाला, असं आज एकाने विचारलं. त्याला तिसरीच्या वर्गातली मापं दाखवली.

वेळापत्रक मागून पुढे लावलं. वाडीवरच्या शाळांत माल पोचवायचा तर दिवाळीनंतर, चिखल वाळल्यावर. म्हणजे पावसाळ्यात उत्पादन, त्याआधी पहिल्या नगाची तपासणी, त्याआधी आदेश, त्याआधी निविदा. एप्रिल २०२६ ला निधीची खात्री झाली की लगेच निविदा निघाली पाहिजे, कागद तयार हवेत. जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला दोन वर्षांची मुदत असते, तरीही दरवर्षी मार्चची घाई आपण स्वतःवर ओढवून घेतो. आचारसंहितेचाही विचार केला : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने परवाच ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे. त्या काळात नवीन निविदा काढता येणार नाही, आपल्याला काढायचीही नाही.

सध्या जिल्हा परिषदेवर निवडून आलेले सदस्य नाहीत, प्रशासक आहेत, त्यामुळे तत्त्वतः मान्यतेची टिपणी सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) साहेबांकडे जाईल. सोबत गरजेचा तक्ता, मापांची वही, कापलेल्या पाइपाचे फोटो, भेटींच्या नोंदी, बैठकीचं इतिवृत्त आणि काकांच्या नमुन्याचं रेखाचित्र. आज दुपारी फाईल वित्त विभागात पाठवली. तिथून दोन शेरे येतील असं वाटतं : अंदाजित दरावर एक, आणि शाळेच्या दारापर्यंत पोच मागितल्याने वाढलेल्या वाहतूक खर्चावर दुसरा. दुसऱ्याचं उत्तर म्हणून टेम्पो न जाणाऱ्या शाळांची यादी पायी रस्त्याच्या अंतरासह वेगळी काढून ठेवली आहे.